गवताखालचं पाणी

“फोफावलंय बघा,” गवतबाई म्हणाल्या आणि त्यांनी पेन्सिलीचं मागचं टोक पडद्यावर नेमकं माझ्या दादाच्या घरापाशी टेकवलं. ते घर माझ्या दादाचं आहे हे त्यांना कसं ठाऊक असणार? पडद्यावर घर असं दिसतच नाही. करड्या, दाणेदार चित्रात एक पांढराशुभ्र ठिपका दिसतो, तो दादाच्या पत्र्याच्या छपराचा. त्याच्या पाठीशी पाणथळ सुरू होते ती थेट चित्राच्या कडेपर्यंत. गवतबाई हे नाव त्यांना ऑफिसनं ठेवलेलं. त्यांच्या ते कानावर गेलं, आणि आता त्या स्वतःच फोनवर “गवतबाई बोलतेय” म्हणतात. त्या वनस्पतींच्या जाणकार, मी रडारचा. उपग्रह वरून लहरी सोडतो, त्या खाली आपटून परत येतात, जितक्या परत येतील तितकी ती जागा उजळ. ढग असोत, अंधार असो, त्याला सोयरसुतक नाही. ठरावीक दिवसांनी तो त्याच वाटेनं जातो आणि त्याच पाणथळीचं नवं चित्र आमच्याकडे येऊन पडतं. अशी वर्षांवर वर्षांची चित्रं एकापुढे एक ठेवून लव्हाळी कुठे वाढली, कुठे सुकली, कुठे कुणी कापून नेली हे सांगायचं, हे आम्हा दोघांचं काम. बाईंच्या पेन्सिलीखालची जागा मागच्या चित्रात मळकट करडी होती. आता चकाकत होती. “खरंच फोफावलंय,” त्या पुन्हा म्हणाल्या, आपल्याच अंगणात काही उगवल्यासारख्या. मी “हं” म्हणालो.

एवढंच म्हणालो. कारण गवत फोफावलं नव्हतं. नवीन माणूस हमखास फसतो तो इथेच: उजळलं म्हणजे वाढलं. आम्ही दर वेळी एकाच जागेची दोन चित्रं घेतो. एकात जशी लहर पाठवली तशीच सरळ परत आलेली. दुसऱ्यात पानापानांत ठेचकाळून, वेडीवाकडी होऊन परत आलेली. पानं वाढली की दुसरं चित्रही उजळायला हवं. ते होतं तिथेच होतं. उजळलं होतं फक्त पहिलं, आणि ते एकाच गोष्टीनं असं उजळतं. गवताच्या बुडाशी पाणी साचतं, लहर त्या सपाट पाण्यावर आपटते, तिथून उसळून उभ्या देठावर आपटते आणि आल्या वाटेनं परत फिरते. उघडं पाणी रडारला काळं दिसतं, पण गवताखाली लपलेलं पाणी दिव्यासारखं दिसतं. जमिनीवर उभ्या माणसाला काय दिसणार? हिरवंगार. नेहमीपेक्षा जरा जास्तच टवटवीत. पलीकडे कुठेतरी नव्या रस्त्याचा भराव पडला होता, त्याखालची पाणी जायची मोरी तुंबली असणार, आणि पाणी गुपचूप, देठादेठांमधून, दादाच्या परसाकडे निघालं होतं. बाकीची वस्ती उंचावर, रस्त्याच्या पलीकडे. खोलगटात घर एकच. हे जगात त्या घडीला एका माणसाला ठाऊक होतं, आणि तो माणूस मी होतो. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? छातीत कुठेतरी वर्षानुवर्षं रुतलेलं काहीतरी जरासं हललं आणि त्या जागी हवा लागली.

आई गेली तेव्हा मी चांभारासमोर उभा होतो. म्हणजे ती गेली तेव्हा नव्हे. ती गेली तेव्हा मी काय करत होतो हे मला आजही सांगता येत नाही, आणि तेच तर दुखणं आहे. जेवत असेन, दाढी करत असेन, कुणाच्या तरी फालतू विनोदाला हसत असेन. मला कळलं तेव्हा मी ऑफिसच्या कोपऱ्यावर, डाव्या पायातला बूट तळ शिवायला काढून देऊन, एका पायात नुसता मोजा घालून उभा होतो. फरशी ओली होती. फोन वाजला. दादा म्हणाला, “आई गेली रे. झाले दोन-तीन दिवस. सगळं आटोपलं.” आवाज असा की लाइटचं बिल भरून आलाय. मला आधी काही कळलंच नाही, मी म्हणालो, “कुठे गेली?” मग कळलं. मग माझ्या तोंडून जे निघालं ते भांडणाचं नव्हतं, रडण्याचंही नव्हतं. नुसतं नवल होतं. मी म्हणालो, “मग कळवायचंस ना रे.” आणि दादा म्हणाला, “तुला उगाच त्रास कशाला, म्हटलं. तू एवढ्या लांब, कामात.” चांभारानं बूट पुढे केला होता, तो मी घेत नव्हतो, आणि मागचा माणूस “अहो, घ्या की” म्हणत होता. ओल मोज्यातून वर चढत होती. आईचं शेवटचं तोंड मी पाहिलं नाही. का, तर मला त्रास नको. त्रास! माझी आई होती, दुसऱ्याच्या घरातली गळती नव्हती. पण हे सगळं मला नंतर, जिन्यात, आंघोळीला, सिग्नलला थांबल्यावर सुचत गेलं. फोनवर मी फक्त “बरं” म्हणालो आणि बूट घातला. त्या कोपऱ्यावरून मी आता जात नाही. पुढच्या चौकातून वळसा घालतो.

तेव्हापासून मी दादाचं छप्पर बघतो. लोक उठल्याउठल्या आरशात बघतात तसं. नवं चित्र आलं की आधी त्या कोपऱ्यात जायचं, पांढरा ठिपका जागेवर आहे ना बघायचं, मग कामाला लागायचं. असा मी त्याला सहा वर्षं वरून बघतोय आणि त्याला पत्ताही नाही. त्यानं डाव्या अंगाला शेड वाढवली ते मला त्याच महिन्यात कळलं. पाठीमागची लव्हाळी एका वर्षी त्यानं कापून घेतली तेही कळलं. तेवढा चौकोन काळवंडला होता. वहिनी अधूनमधून फोन करते, “भाऊजी, शेड बांधली हो आम्ही,” म्हणते, आणि मी “अरे वा” म्हणतो. मनात म्हणतो, चाळीस बाय वीस, उत्तरेकडे उतार. तिचा माझ्यावर जीव आहे. ती नवी लग्न होऊन आली तेव्हा मी शाळेत होतो आणि माझ्या वह्यांना कव्हरं तीच घालायची. पण तीही त्याच घरात होती ना तेव्हा? तिच्याही हाताशी फोन होता ना? तिला मी माफ केलं आहे असं बायकोला सांगतो. बायको म्हणते, “तुझी माफी म्हणजे उधारीवर दिलेली छत्री. कधी परत मागशील नेम नाही.”

आणि गंमत बघा, गवताखालचं पाणी ओळखायला मला शिकवलं कुणी, तर दादानंच. मी सहा-सात वर्षांचा, तो मिसरूड फुटलेला. घरामागं उतरलं की लव्हाळी त्याच्याही डोक्याच्या वर. हातात काठी घेऊन तो पुढे आणि मी त्याच्या सदऱ्याला धरून मागे. काठीनं तो बुंध्याशी टिचकी मारायचा आणि थांबायचा. कोरडं असलं तर सळसळ वरपर्यंत जायची. खाली पाणी असलं की आवाज बुडाशीच बसायचा, ओल्या फडक्यावर मारल्यासारखा. “दिसत नाही म्हणजे नाही, असं समजायचं नाही, छोट्या,” असं तो मोठ्या माणसाच्या थाटात सांगायचा. मला तो तेव्हा जगातला सगळ्यात शहाणा माणूस वाटायचा. मग एकदा तो नेहमीसारखा पुढे गेला, लांब ढांग टाकून गेला, आणि मी सरळ पाऊल टाकलं ते कमरेपर्यंत आत. चिखल गार होता आणि पायांना ओढत होता. त्यानं मला बखोटीला धरून काढलं, पाठ चोळली, स्वतःचा सदरा घातला. सगळं केलं. “खड्डा आहे सांगितलं का नाहीस?” मी रडत विचारलं, तर म्हणाला, “मला वाटलं तुला दिसला.” म्हणजे खोड जुनीच. वाईट वागायचं नाही, मारायचं नाही, लुबाडायचं नाही. फक्त सांगायचं नाही. वडिलांची नोकरी गेली हे मला सांगितलं नाही. आई आजारी आहे हे “जरा कणकण” एवढंच सांगितलं. घरातलं सगळं त्यानं आपल्या मुठीत दाबून ठेवलं आणि वर मेहेरबानी केल्यासारखा वागला. मी बाहेर उभा, एका पायात मोजा.

तर आता मीही सांगणार नव्हतो. इतकं साधं, इतकं बिनखर्ची. हात उचलायचा नाही, शिवी द्यायची नाही, खोटं बोलायचं नाही. नुसतं गप्प बसायचं. गवतबाईंनी अहवालात “वाढ समाधानकारक” असं लिहिलं आणि मी मान डोलावली. त्या दिवसांत मला भूक चांगली लागायची. जिना चढताना मी शीळ घालतोय हे माझ्या लक्षात आलं तेव्हा माझा मलाच अचंबा वाटला. बायको म्हणाली, “काय रे, स्वारी खुशीत? बढती-बिढती मिळाली की काय?” मी म्हणालो, “काही नाही, हवा छान आहे.” हवा घाणेरडी होती. अंथरुणावर पडलो की मी मनानं त्या लव्हाळ्यांत उतरायचो. पाणी कुठवर आलं असेल? परसाच्या टोकाला तो मोठा दगड होता, त्याच्या अलीकडे की पलीकडे? आई कपडे वाळत घालायची ती तार? मग मागची पायरी, मग मागची खोली. मागची खोली आईची. म्हणजे होती. ती गेल्यावर दादानं तिथे लाकडाच्या फळ्या रचल्या असणार, पैज लावतो. त्याचा धंदाच लाकडाचा आणि रिकामी जागा त्याला बघवत नाही. भिजू देत फळ्या. फुगून वाकड्या होऊ देत. मला त्याचा चेहरा बघायचा होता, सकाळी दार उघडल्यावरचा, कुणी काहीच न सांगितलेल्या माणसाचा चेहरा. तो चेहरा मला चांगला माहीत आहे. चांभाराच्या खोक्यावर टांगलेल्या आरशात मी तो पाहिलाय.

उपग्रहाच्या पुढच्या फेरीचं चित्र आलं तेव्हा चकाकी ठिपक्याच्या आणखी जवळ सरकली होती. मी दार ओढून घेतलं आणि बराच वेळ नुसता बघत बसलो. बाहेर पडलो तेव्हा जिना पुसणाऱ्या मावशी वरच्या पायरीवर बसून ओरडल्या, “साहेब, जपून, ओलं आहे!” मी कठड्याला धरून उतरलो. खाली फुटपाथवर नळ फुटला होता आणि एक अनोळखी माणूस येणाऱ्याजाणाऱ्याला “इकडून या, तिकडे पाणी आहे” सांगत होता. कुणी त्याला नेमलं नव्हतं, त्याच्या हातात भाजीची पिशवी होती, तरी तो सांगत होता. मला त्याचा भयंकर राग आला. काय पडलंय तुला? लोकांचे पाय भिजले तर तुझं काय जातं? मी मुद्दाम पाण्यातूनच गेलो. दिवसभर डावा पाय गार होता. माणसं सतत एकमेकांना सांगत असतात हे मला त्या आठवड्यात पहिल्यांदा ऐकू यायला लागलं. तुमची चेन उघडी आहे. पुढची गाडी फलाटावर थांबणार नाही. दूध उतू जातंय. सांगणं फुकट आहे, म्हणूनच न सांगणाऱ्याला क्षमा नाही. हे मी दादाबद्दल म्हणत होतो. अर्थात दादाबद्दलच.

आणि मग गवतबाई आल्या, चष्मा कपाळावर, चेहरा उतरलेला. “अहो, मी शेण खाल्लं,” त्या म्हणाल्या. “हे पानांचं दुसरं चित्र मी बघितलंच नव्हतं. यात काहीच वाढ नाही. मग ते उजळलंय कशानं? पाण्यानं ना?” बाई हुशार आहेत. मी काही बोलण्याआधीच त्यांचं उत्तर त्यांना मिळालं होतं. “तुमच्या कसं नाही हो लक्षात आलं?” हे त्यांनी चिडून नाही, काळजीनं विचारलं; माझं वय झालं की काय अशी काळजी. मी म्हणालो, “राहिलं खरं.” त्यांनी पेन्सिल पुन्हा त्याच जागी टेकवली. “हा ठिपका कसला? घर आहे का? तिथे कुणी राहत असेल तर कळवायला हवं हो आपण.” कळवायला हवं! हा शब्द बाहेरच्या माणसाच्या तोंडून इतका सोपा येतो. मी त्या ठिपक्याकडे पाहिलं. पांढराशुभ्र, चोख, माझ्या ओळखीचा. आत दादा चष्मा लावून कसलीतरी मापं घेत असेल, वहिनी ओट्यापाशी असेल. मी म्हणालो, “गोदाम आहे. रिकामं. तिथे कुणी राहत नाही.” जीभ अडखळली नाही. बाई म्हणाल्या, “हुश्श,” आणि अहवाल दुरुस्त करायला गेल्या. आतापर्यंत मी नुसता गप्प होतो. त्या क्षणापासून मी खोटं बोललेला माणूस झालो, आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही असं नाही. तोंडाला पत्रा चाटल्यासारखी चव आली. पण बाईंना हाक मारून थांबवावं असं वाटलं नाही. सहा वर्षांपूर्वी मला कुणी हाक मारली होती?

तिसऱ्या फेरीचं चित्र सकाळी आलं. खुर्चीत नीट बसायच्या आधीच मी उघडलं. परसातली चकाकी गेली होती आणि तिथे काळं होतं, सपाट, शांत काळं. म्हणजे लव्हाळीसुद्धा बुडाली. आणि ठिपका! ठिपका आजवर कधी नव्हता इतका पेटला होता. हे कशानं होतं तेही मला माहीत आहे: उभ्या भिंतीला पाणी लागलं की लहर पाण्यावरून भिंतीवर आणि भिंतीवरून थेट आकाशात परत. घर गवताच्या देठासारखं वागायला लागतं. झालं. पोचलं. मी खुर्चीत मागे टेकलो आणि वाट बघितली, आता आनंद होईल म्हणून. तो काही येईना. आला तो एक विचार, आणि तो इतका सरळ होता की आधी कसा सुचला नाही याचीच मला चीड आली. दादाला कळणार कसं? त्याच्या घरात पाणी शिरलं. पाणी कुणाच्याही घरात शिरतं. तो मोरीला शिव्या देईल, रस्तेवाल्यांना देईल. मी गप्प बसलो होतो हे त्याला ठाऊकच नसेल तर माझ्या गप्प बसण्याला काय किंमत? मी त्याच्या जगात नव्हतो तसाच नसणार. सूड घ्यायचा तर तो ज्याच्यावर घेतला त्याला कळवावा तर लागेल! मी हसलो, एकटाच, मोठ्यानं. मग फोन घेऊन बाहेरच्या खिडकीपाशी गेलो. वाक्य तयार होतं. दादा, मला सगळं दिसत होतं, आणि मी तुला कळवलं नाही.

“हॅलो,” दादा म्हणाला. आवाज म्हातारा झाला होता. ही गोष्ट वरून दिसली नव्हती.

“मी बोलतोय.”

“कोण? छोट्या?” आणि मग लांब कुठेतरी तोंड फिरवून, “अगं, छोट्याचा फोन!” पुन्हा माझ्याशी: “काय रे, बरं आहे ना सगळं?”

“दादा, तुझ्या मागच्या अंगाला पाणी...”

“अरे, आत आलंय ते! पहाटे एकदम आलं. आम्ही पुढच्या खोलीत आहोत, टेबलावर टेबल लावलंय. तुझी वहिनी घसरली, मनगट सुजलंय, पण बरी आहे, बोलतेय. काही दिसलंच नाही रे. एवढं दाट गवत, मी म्हटलं यंदा काय छान आलंय. काठी घेऊन उतरायचं आता होत नाही, गुडघे गेले.” तो दम घ्यायला थांबला. “आईची खोली गेली.”

“आईची कुठली? तिथे तुझ्या फळ्या...”

“फळ्या? छे. तशीच होती ती. खाट, शिवणयंत्र, भिंतीवरचं ते तुझं दप्तर. तिच्या साड्या ट्रंकेत. मी कशाला हात लावला नव्हता. म्हटलं, छोट्या येईल एकदा. शेवटी त्याची भेट झाली नाही. निदान तिची खोली तरी त्याला जशीच्या तशी बघायला मिळावी. तू काही आला नाहीस. आता खाटेच्या वर पाणी आहे.”

खाली रस्त्यावर वाहनं चालली होती. माझं वाक्य कुठेतरी होतं, मी ते शोधत होतो.

“पण तुला कसं कळलं रे? बातम्यांत आलं?”

“नाही. दिसतं मला. इथून.”

“काय, आमचं घर?”

“हो.”

“अरे वा,” दादा म्हणाला. त्याला खरंच कौतुक वाटलं. मग हळू, “पाणी कधीपासून दिसत होतं?”

इथे मला खोटं बोलता आलं असतं. आत्ताच, आज सकाळीच, असं. पण मग सगळं फुकट गेलं असतं. “महिना झाला असेल,” मी म्हणालो.

पलीकडे कुणी तरी पाण्यातून चालत होतं. वहिनी “काय म्हणतात भाऊजी?” असं विचारत होती. मग तो बोलला. राग नव्हता, रडणंही नव्हतं. नुसतं नवल होतं.

“मग कळवायचंस ना रे,” दादा म्हणाला.

हे ऐकायला मी सहा वर्षं थांबलो होतो. अगदी हेच, याच आवाजात. याचं उत्तर मला पाठ होतं, जिन्यात, आंघोळीला, सिग्नलला घोकलेलं. मी काही ठरवायच्या आत ते बाहेर पडलं, पण ते माझ्या नव्हे, त्याच्या आवाजात पडलं, लाइटचं बिल भरून आल्यासारखं.

“तुला उगाच त्रास कशाला, म्हटलं.”

दादानं “हं” केलं. त्याला आठवलं असावं. त्यानं फोन ठेवला नाही आणि मीही ठेवला नाही. पलीकडे मागच्या खोलीत लाकडाचं काहीतरी पाण्यावर तरंगत भिंतीला टेकत होतं, दूर होत होतं, पुन्हा टेकत होतं. ती खाट होती की शिवणयंत्राचं टेबल हे मला विचारायचं होतं. बूट दोन्ही पायांत होते, तरी माझ्या डाव्या तळव्याला ओल लागत होती.